लेबर रूममधलं माझं राज्य

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून मी तेहतीस वर्षं नोकरी केली. शेवटची आठ वर्षं परभणी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी लेबर रूमची इन्चार्ज होते. राहायला आम्ही परभणीत. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. सकाळच्या एस.टी.नं ड्यूटीवर जायचे, संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायचे. रविवारी सुट्टी असली की आम्ही दोघं चर्चला. बाहेरून बघणाऱ्याला माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही दिसायचं नाही. पण त्या लेबर रूममध्ये एका दुपारी माझ्या हातून जे झालं आणि पुढच्या महिनाभरात मला जे करावं लागलं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

आधी मी कशी होते ते सांगते. मी रुजू झाले तेव्हा तिथं कशालाच शिस्त नव्हती. पेशंटच्या सोबत चार-चार बायका आत शिरायच्या, कोपऱ्यात पिंका पडलेल्या, औषधाच्या ट्रेमध्ये हवं ते वेळेवर सापडायचं नाही. सहा महिन्यांत मी ते सगळं सरळ केलं. फरशी आरशासारखी झाली. माझ्या चपलांचा आवाज आला की व्हरांड्यातल्या बायका उठून उभ्या राहायच्या. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणायचे, "सिस्टर, तुमच्या राज्यात आम्हाला काळजी नाही." वॉर्डातली मावशी पाठीमागं मला राणीसाहेब म्हणते, हेही माझ्या कानावर आलं होतं. मी तिला रागावले नाही. खरं सांगायचं तर ते मला आवडलं होतं.

आणि मी मारायचे. कळा देताना बाई ओरडायला लागली, पाय जवळ घ्यायला लागली की मांडीवर चापट मारायची, हे मी ट्रेनिंगच्या काळात थोरल्या सिस्टरांकडून शिकले होते. त्याला आम्ही मारणं म्हणतच नव्हतो. बाळ अडकू नये म्हणून करावं लागतं, असं म्हणायचो. कधी चापट मांडीवरून गालावर जायची. तोंडाचा पट्टा तर सुरूच असायचा. डॉक्टरच्या बायकोशी, शिक्षिकेशी मी कधी तशी बोलले नाही, हेसुद्धा इथं लिहायला हवं. हात उठायचा तो कुणावर उठवला तर चालतं, हे बघूनच उठायचा.

मी लहानपणापासून श्रद्धावान होते. वडील वालूरला शिक्षक होते. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. रविवारी घरातच भक्ती व्हायची. प्रभू आपला राजा आहे, असं वडील प्रार्थनेत म्हणायचे आणि मी डोळे मिटून तो राजा बघायचे. आजोबांनी निजामाचा काळ पाहिलेला. तहसीलदार घोड्यावरून आला की माणसं जोडे काढून हातात घेत, वर बघत नसत, हे ते आम्हाला सांगायचे. त्यामुळं माझ्या मनातला राजा म्हणजे सगळ्यांत मोठा तहसीलदार होता. ज्याच्यापुढं माणसं गप्प होतात तो राजा. मोठी झाले, शिकले, चर्चमध्ये कितीतरी उपदेश ऐकले, तरी आत कुठंतरी ते चित्र तसंच राहिलं. रविवारी दहा ते बारा त्या राजाचं राज्य होतं. बाकीच्या दिवसांत वॉर्डात माझं.

ती दुपार नोव्हेंबरातली. दिवाळी होऊन गेली होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावं सोडून निघाल्या होत्या. दीडच्या सुमाराला दवाखान्याच्या फाटकाशी एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, माणसं आणि त्यांच्यात कळा देत असलेली एक तरुण बाई. एकोणीस-वीस वर्षांची असेल, पहिलटकरीण. सोबत सासू. पालमकडच्या एका गावातून ही टोळी पाथरी तालुक्यात तोडीला निघाली होती आणि वाटेतच तिचं पोट दुखायला लागलं होतं. नवरा आणि टोळीचा मुकादम बाहेर रस्त्यावर थांबले.

मी सासूला तपासणीचं कार्ड मागितलं. ते कुठल्या तरी पेटीत, सामानाच्या तळाशी होतं. माझं डोकं तिथूनच तापलं. नववा महिना लागलेल्या पोरीला ट्रॉलीत घालून आणता, तुम्हाला काही वाटतं का, असं मी सासूला फाडफाड बोलले. मग केसपेपरवर लिहायला तिचं नाव, वय, गाव विचारलं. तिनं कळ सोसत सगळं नीट सांगितलं. मी लिहून घेतलं.

लेबर रूममध्ये मी आणि मावशी दोघीच होतो. डॉक्टर ओपीडीत. डिलिव्हरी अवघड नव्हती, बाळाचे ठोके चांगले होते. पण पोर घाबरलेली होती. प्रत्येक कळेला ती आईच्या नावानं हंबरडा फोडायची, मांड्या आवळून घ्यायची. मी दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी तिनं माझ्या साडीचा पदर मुठीत धरला आणि सोडेना. मी तिच्या तोंडावर मारलं. एकदा आणि मग दुसऱ्यांदा. म्हणाले, "ए ऊसतोडे, हा काय तुमचा फड हाय का? तोंड बंद कर."

तिनं पदर सोडला. तोंडही बंद केलं. त्यानंतर बाळ बाहेर येईपर्यंत तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही. दात ओठात रुतून रक्त आलं, पण आवाज नाही. साडेतीनला मुलगी झाली, रडली, सगळं व्यवस्थित झालं. दोन टाके घालावे लागले, तेव्हाही ती हलली नाही. मी तिला म्हणाले, "बघ, ऐकलंस तेव्हाच सुटलीस ना." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मावशी खाली वाकून फरशी पुसत होती, तिनंही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी ड्यूटीवर गेले तेव्हा खाट रिकामी होती. टोळीला थांबता येत नव्हतं. सासूनं कागदावर अंगठा उठवून आपल्या जबाबदारीवर तिला नेलं होतं. मी चिडले, शेरा लिहिला आणि कामाला लागले. त्या बाईचा विचार माझ्या मनात पुन्हा आला नाही.

रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होण्याच्या आधीचा रविवार आम्ही ख्रिस्त राजाचा रविवार म्हणून पाळतो. आमची मंडळी लहान, साठ-सत्तर माणसं. पाळकसाहेब तरुण, माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे असतील. त्यांनी आदल्या दिवशी फोनवर अध्याय आणि ओव्या कळवल्या होत्या, पण मी घरून वाचून गेले नव्हते. इतक्या वेळा ऐकलेला भाग, त्यात काय वाचायचं, असं वाटलं होतं.

शुभवर्तमानातला, रोमी सुभेदार पिलाताच्या वाड्यातला तो भाग. तू राजा आहेस का, असं पिलात पकडून आणलेल्या ख्रिस्ताला विचारतो, तिथून मी सुरुवात केली. माझा आवाज मोठा आहे, वाचन चांगलं करते असं लोक म्हणतात. वाचता वाचता शिपाई काटे गुंफून त्याच्या डोक्यावर ठेवतात तिथं आले. ते त्याला जांभळा झगा घालतात, राजा म्हणून मुजरा करतात. आणि त्याच्या तोंडात मारतात.

ते वाक्य मी वाचलं आणि थांबले. पुढची ओळ समोर दिसत होती, पण तोंडातून निघेना. मला शिपाई दिसलेच नाहीत. ती ओठ चावून पडलेली पोर दिसली आणि माझाच हात दिसला. लोकांना वाटलं, चष्मा सरकला असेल. पाळकसाहेब अर्धवट उठले. मी कसाबसा तो पाठ पुरा केला आणि जागेवर येऊन बसले.

उपदेशातलं मला फारसं आठवत नाही. हा राजा कुणावर हात उचलत नाही, एवढं वाक्य कानात पडलं. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे पुढं जाऊन वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि उजवा तळहात पसरायचा, त्यावर पाळक भाकर ठेवतात. आमच्या रांगेची पाळी आली. नवरा उठला. मी उठले नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, इतक्या वर्षांत तो कठड्याशी एकटा कधी गेला नव्हता. तो परत येऊन शेजारी बसला.

घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला की तू मनाला फार लावून घेतेस, लेबर रूममध्ये असं होतंच, आई आणि बाळ सुखरूप आहेत. मी म्हणाले, मला तिला भेटायचं आहे. तेव्हा मात्र तो घाबरला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. कुणी तक्रार केली, पेपरात आलं, तर एकतीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडेल, असं त्याचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं.  पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले. आता कबूल करते, मी एका हिशेबानं गेले होते. ते प्रार्थना करतील, क्षमा झाली म्हणतील आणि मी मोकळी होईन. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.  मग प्रार्थना केली. मी उठायला लागले तर म्हणाले, "सिस्टर, काल तुम्ही वाचलंत त्यात आपला राजा कुठं उभा होता? मारणाऱ्यांकडं की मार खाणाऱ्याच्या जागी?"

मी म्हणाले, मार खाणाऱ्याच्या जागी.

"मग त्याच्यापुढं जायचं तर तिकडंच जावं लागेल. माझ्याकडं येऊन ते होणार नाही."

मला त्यांचा राग आला. माझ्या मुलीच्या वयाचा माणूस, आणि मला सांगतो.  पण रस्त्यानं घरी येताना लक्षात आलं, की राग यायचं कारण ते बरोबर बोलले हेच आहे. आजवर मी राजाला वर शोधत होते. तो माझ्याच टेबलावर, माझ्या हाताखाली होता आणि मी त्याच्याकडे तपासणीचं कार्ड मागत होते.

तिचं गाव रजिस्टरमध्ये होतं. पुढच्या सुट्टीला मी पालमची एस.टी. धरली, तिथून जीपनं त्या गावाला गेले. अर्धं गाव रिकामं. दारांना कुलपं, ओट्यावर एखादी म्हातारी, एखादं शेळीचं पिल्लू. तिच्या घराला बाहेरून कडी लावलेली होती. शेजारच्या आजीबाईंनी सांगितलं की ती सगळी पाथरीच्या खाली नदीकाठच्या फडात हायेत, बाळ बी तिकडंच. त्यांनी मला पाणी दिलं आणि कशासाठी आलाव म्हणून विचारलं. मी म्हणाले, दवाखान्याचं काम आहे. तेवढं खोटं बोललेच.

परत आले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, भेटली का. मी नाही म्हणाले, पुढच्या आठवड्यात पाथरीकडं जाते म्हणाले. त्यानं हातातला पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "एकटी नको जाऊस. मी येतो." मनातून त्याला ते पटलेलं नव्हतं, तरी तो आला.

जाताना मी डिंकाचे लाडू केले होते, बाळाला टोपडं घेतलं होतं. पाथरीच्या स्टँडवर उतरलो आणि मला त्या पिशवीची लाज वाटायला लागली. लाडू दिले की तिला माफ करावंच लागेल, असं मीच ठरवून आले होते की काय? पिशवी मी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, हे नंतर बघू.

फडाजवळ पोचलो तेव्हा दुपार झाली होती. शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या होत्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्याच उंचीच्या. पुढं उसाचा फड अर्धा तोडून झालेला. नवरा रस्त्यावर बाभळीखाली थांबला. मी बांधावरून आत गेले. एका बाजूला चार काठ्यांना झोळी बांधून सासू बाळाला हलवत बसली होती. तिनं मला पाहिलं, ओळखलं आणि ताडकन उठून हात जोडले.

"सिस्टर, आमचं काय चुकलं का? मी अंगठा दिला हुता."

तिला वाटलं होतं, परवानगीशिवाय नेलं म्हणून सरकारी माणूस मागावर आला. माझ्या येण्याचा तिला दुसरा काही अर्थ लावताच आला नाही. बाईच्या चेहऱ्यावरची ती भीती पाहून मला आजोबांच्या गोष्टीतली जोडे हातात घेतलेली माणसं आठवली. मी तिला खाली बसवलं. म्हणाले, तुमचं काही चुकलेलं नाही, मला तुमच्या सुनेला भेटायचंय.

ती फडात मोळ्या बांधत होती. बाळंतपणाला अजून महिनासुद्धा झाला नव्हता. सासूनं हाक मारली, तशी ती डोक्याचं फडकं सोडून, तोंड पुसत आली. मला बघून पाच-सहा हातांवर थांबली. तिच्या मागं आणखी दोन बायका कामं सोडून उभ्या राहिल्या. त्यांना जा म्हणावं असं मला वाटलं, पण म्हटलं नाही. मी तिला मावशीसमोर मारलं होतं.

मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुला तोंडावर मारलं. दोनदा मारलं. माझं चुकलं. तुझी माफी मागायला आलेय."

 सासूच घाईघाईनं म्हणाली, की आवं आमच्या बऱ्यासाठीच मारलं की तुमी, न्हाई तर पोरगी सुटली नसती. मी म्हणाले, नाही, बऱ्यासाठी नाही मारलं. मला राग आला होता आणि ही मला उलटून काही करू शकत नव्हती, म्हणून मारलं. हे वाक्य मी घरून ठरवून नेलं नव्हतं. तोंडातून निघाल्यावर ते खरं आहे हे मला कळलं.

ती तशीच उभी. मग खाली बघत, हळू आवाजात म्हणाली, "मारलेलं आता दुखत न्हाई. मी नाव सांगितलं हुतं तुमाला, तुमी लिवून बी घेतलं. तरी ऊसतोडे म्हणलाव. ते डोक्यातनं जाईना."

मी मान हलवली. 

"आन् मी गप झाले ते तुमाला भिऊन न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, मी वरडले तर जन्मल्यावर लेकराला बी माराल."

मी खाली बसले. त्यात काही ठरवून केलेलं नव्हतं. माझ्या नोकरीत हजारो बाळं माझ्या हातात आली. त्या हातांविषयी एखाद्या आईला असं वाटलं असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.  ती जवळ आली आणि तांब्यातून पाणी दिलं. मी पाणी प्यायले. मग तिचं नाव घेऊन म्हणाले, की मी पुन्हा कुणाला मारणार नाही. तिचं नाव मी या लिखाणात घालत नाही, पण तिथं त्या बायकांसमोर ते मी मोठ्यानं घेतलं.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "दुसरीला नगा मारू."

मग मी नर्सचं काम केलं, कारण तेवढंच मला येत होतं. बाळ बघितलं, ते ठणठणीत होतं. तिच्या डोळ्यांवरून मला शंका आली म्हणून कपाळाला हात लावला, तर अंग तापलेलं. कोपीत नेऊन टाके बघितले. एका ठिकाणी पिकलं होतं. एरवी मी सासूला झोडपून काढलं असतं. त्या दिवशी विचारलं फक्त, तिला आठ दिवस बसून राहता येईल का. सासू म्हणाली, आमच्या हातात हाय व्हय सिस्टर? मी मुकादमाकडे गेले. तो आधी ऐकेना. मी अधिकाऱ्याच्या आवाजात बोलू शकले असते, तो आवाज मला चांगला येतो. पण हात जोडले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यातलं एक बसलं की तोड मागं पडते, हे तो सांगत राहिला आणि शेवटी चार दिवसांना तयार झाला. आठ नाही, चारच. नवऱ्यानं रस्त्यावरून जीप थांबवली, आम्ही तिला जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं, जखम साफ करून गोळ्या घेतल्या आणि परत फडावर सोडलं. लाडवाची पिशवी नवऱ्यानं सासूच्या हातात दिली. 

परतीच्या एस.टी.त नवरा मला म्हणाला, "तू तिथं खाली बसलीस तेव्हा मला वाटलं तुला चक्कर आली." मी म्हणाले, तसंच काहीसं.  मानवत आलं तेव्हा त्यानं माझा हात हातात घेतला, गाडीत माणसं असताना. हे त्यानं आधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, तक्रार नाही ना आली, मग सोडून द्या. शिक्षा झाली नाही. झाली असती तर कदाचित हलकं वाटलं असतं. पुढच्या प्रभुभोजनाला मी कठड्याशी गेले. फार काही झालं नाही. उजवा तळहात पसरला, भाकर घेतली, जागेवर आले.

वॉर्डात मी लगेच बदलले असं लिहिलं तर ते खोटं होईल. पंधरा दिवसांनी एका बाईवर माझा हात उठला होता, तो मावशीकडे लक्ष गेल्यावर खाली आला. जीभ तर कितीतरी वेळा सुटली. तीस वर्षांची सवय देहात मुरलेली असते. फरशी तेवढी स्वच्छ राहिली नाही, कारण आता मी एका बाईला सोबत आत बसू द्यायला लागले, आईला नाही तर बहिणीला. काही जणी हसल्या, राणीसाहेब मऊ झाल्या म्हणाल्या. वॉर्डात आरडाओरडा वाढला. बाळं पूर्वीसारखीच जन्मत राहिली.

राजा म्हणजे काय, हे मला आजही पूर्ण कळलं आहे असं मी म्हणणार नाही. एवढं कळलं, की तो आपल्या राज्यात जबरदस्तीनं शिरत नाही. जिथं आपलं चालतं, जिथं आपल्याला कुणी विचारणारं नाही, तिथं तो आपल्या हाताखालच्या माणसात येऊन थांबतो आणि आपण काय करतो ते सोसतो. चर्चमध्ये त्याला राजा म्हणणं सोपं आहे, तिथं माझ्या हातात काहीच नसतं. सोमवारी दुपारी, ओपीडी भरलेली असताना, कंबर दुखत असताना, समोरची बाई ऐकत नसताना त्याला राजा मानायचं, ही माझी खरी भक्ती होती. आणि ती मी कित्येक वर्षं केली नव्हती.

त्या बाईची पुन्हा भेट झाली नाही. दुसऱ्या वर्षी मी त्या गावच्या आशाताईंकडे चौकशी केली. मुलगी चालायला लागली आहे आणि टोळी यंदा कर्नाटकात गेली आहे, एवढं समजलं.

माझ्या निवृत्तीला तीन महिने राहिले असताना लातूरकडची एक नवीन सिस्टर आमच्याकडे आली. हुशार, हाताला चपळ. एका दुपारी तिनं एका पेशंटच्या मांडीवर चापट मारली. मी तेव्हा काही बोलले नाही. डिलिव्हरी झाल्यावर तिला चहाला बसवलं आणि माझी ही सगळी हकिकत सांगितली, काही न वगळता. ती कप हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, मग तिनं माफ केलं का तुम्हाला?"

मी म्हणाले, तसं ती म्हणाली नाही.

"मग इतक्या लांब जाऊन तुम्हाला काय मिळालं?"

  मी म्हणाले, "मला काही मिळावं म्हणून गेलेच नव्हते मी. ती तिथं होती, म्हणून गेले."

तिला ते पटलं की नाही, सांगता येणार नाही. तेवढ्यात मावशीनं बाहेरून हाक मारली, रिक्षातून कुणाला तरी आणलं होतं. तिनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि दाराकडे गेली. मीही उठले.